मॉरिशस : लोकसंख्येची स्थित्यंतरे आणि आर्थिक विकास

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे आठशे ते नऊशे किलोमीटर अंतरावर मॉरिशस हे ज्वालामुखीपासून बनलेले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान जिल्ह्याहूनही कमी. या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणीच नव्हते. आज तेथे राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा पूर्वज गेल्या चार शतकांत केव्हा तरी गलबतातून किंवा जहाजातून उतरलेला आहे. कोणी मालक म्हणून आला, कोणाला साखळदंडात आणले गेले, तर कोणी कराराच्या कागदावर अंगठा उठवून आला. म्हणूनच लोकसंख्या आणि आर्थिक विकास यांचे परस्परसंबंध अभ्यासणाऱ्यांना मॉरिशसचा इतिहास विशेष बोधप्रद वाटतो. मोठ्या देशात जे प्रवाह एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात, ते या बेटावर स्वच्छ वेगळे पाहता येतात. या इतिहासात कोकणातून व देशावरून गेलेल्या मराठी माणसांचाही वाटा असल्याने मराठी वाचकाला त्याविषयी आपुलकी वाटावी, हेही स्वाभाविक आहे.

निर्मनुष्य बेटावर गुलामांची वसाहत

अरब खलाशांना हे बेट ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्तुगीज जहाजे तेथे येऊन गेली, परंतु वस्ती कोणी केली नाही. १५९८ मध्ये डच तेथे उतरले आणि नासाऊचा राजपुत्र मॉरिस याच्या नावावरून त्यांनी बेटाचे नामकरण केले. १६३८ मध्ये त्यांनी वसाहत स्थापली. मध्यंतरी ती मोडली, पुन्हा उभी राहिली आणि अखेर १७१० मध्ये त्यांनी बेट सोडून दिले. डचांची वस्ती नेहमीच काही शेकड्यांची राहिली. तथापि एवढ्या अल्प वस्तीनेही शिसवीची जंगले तोडली आणि उडता न येणारा डोडो पक्षी नामशेष होण्यास हातभार लावला. जावाहून ऊस आणून लावला तो त्यांनीच.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला व त्याला ‘इल द फ्रान्स’ असे नाव दिले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द लाबूर्दोने याने पोर्ट लुई हे बंदर बांधून काढले. भारताकडे जाणाऱ्या मार्गावरील आरमारी तळ व व्यापारी ठाणे हे बेटाचे त्या काळातील खरे महत्त्व होते. बंदर, गोदामे, रस्ते आणि मळे यांसाठी लागणारे मनुष्यबळ मादागास्कर व मोझांबिकच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणले गेले. काही गुलाम पश्चिम आफ्रिकेतून, तर काही भारतातूनही नेले गेले. १७६७ च्या सुमारास बेटाची एकूण वस्ती १९ हजारांच्या आत होती आणि त्यांपैकी १५ हजार गुलाम होते. १७९७ मध्ये वस्ती सुमारे ५९ हजारांवर गेली व त्यांत गुलामांची संख्या ४९ हजारांच्या घरात होती. म्हणजे दर सहा माणसांपैकी पाच माणसे दुसऱ्याच्या मालकीची होती. गुलामांत मृत्यूचे प्रमाण मोठे व जन्माचे प्रमाण कमी असल्याने ही संख्या नैसर्गिक वाढीने टिकत नसे, ती नव्या आयातीने टिकवली जाई. लोकसंख्या ही येथे प्रथमपासून भांडवलदाराच्या हिशेबातील एक बाब होती, ही गोष्ट पुढील सर्व घडामोडी समजून घेताना ध्यानात ठेवली पाहिजे.

साखर आणि गिरमिट

डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले आणि १८१४ च्या पॅरिसच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. फ्रेंच मळेवाल्यांची मालमत्ता, कायदे, भाषा व धर्म यांना इंग्रजांनी हात लावला नाही. सत्ता इंग्रजांची आणि जमीन फ्रेंचांची, अशी ही विभागणी दीर्घकाळ टिकली.

१८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी केली. या एका निर्णयाने बेटाचे अर्थकारण पालटले. त्या वर्षी सुमारे ११ हजार टन असलेले साखरेचे उत्पादन १८५० च्या दशकात एक लाख टनांच्या पुढे गेले. वादळात टिकून राहणारे पीक म्हणून उसाने इतर सर्व पिकांना हुसकावून लावले.

याच सुमारास गुलामगिरीचा अंत झाला. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये केलेल्या कायद्यान्वये १ फेब्रुवारी १८३५ पासून मॉरिशसमधील सुमारे ६६ हजार गुलाम कायद्याने मुक्त झाले. नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम देण्यात आली, पण ती गुलामांना नव्हे, तर त्यांच्या मालकांना. ज्यांचे श्रम लुटले गेले त्यांच्या हाती जमीन, अवजारे वा भांडवल यांपैकी काहीच पडले नाही. सक्तीच्या उमेदवारीचा काळ १८३९ मध्ये संपताच बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरवली. कोणी किनाऱ्यावर मासेमारी करू लागले, कोणी डोंगरउतारावर भाजीपाला पिकवू लागले, तर कोणी बंदरात हमाली पत्करली.

त्यांची जागा भरून काढण्यासाठी मळेवाल्यांनी भारताकडे दृष्टी वळवली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. ते छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातील होते. गुलामगिरीची जागा ‘स्वतंत्र’ मजूर कितपत घेऊ शकतात, हे अजमावून पाहण्याचा ब्रिटिश सरकारचा तो प्रयोग होता. हलाखीच्या कहाण्या बाहेर येताच काही वर्षे ही वाहतूक बंद ठेवावी लागली. १८४२ नंतर ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली आणि गिरमिटाची पद्धत १९१० पर्यंत चालली. या काळात सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसला गेले. त्यांपैकी अदमासे एक-तृतीयांश लोक परतले, उरलेले तेथेच राहिले किंवा तेथेच मेले.

आकडे बोलके आहेत. १८४६ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या १ लाख ५८ हजार होती व त्यांत भारतीय सुमारे ५६ हजार होते. १८६१ मध्ये एकूण लोकसंख्या ३ लाख १० हजारांवर गेली व भारतीयांची संख्या १ लाख ९२ हजारांवर पोहोचली. पंधरा वर्षांत लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली, ती जवळजवळ संपूर्णपणे स्थलांतराने. १८७१ मध्ये भारतीयांचे प्रमाण शेकडा ६८ झाले आणि तेव्हापासून आजतागायत ते दोन-तृतीयांशांच्या आसपासच राहिले आहे.

प्रारंभीचे हे स्थलांतर प्रामुख्याने तरुण पुरुषांचे होते. १८४६ मधील त्या ५६ हजार भारतीयांत स्त्रियांची संख्या सात हजारांच्या आसपास होती. मळेवाल्याला हात हवे होते, कुटुंब नको होते. १८५० च्या दशकापासून प्रत्येक जहाजात स्त्रियांचे किमान प्रमाण असावे असे नियम झाले आणि मग हळूहळू मजुरांच्या छावण्यांची गावे बनू लागली. त्याच दशकाच्या प्रारंभी परतीच्या मोफत प्रवासाचा हक्क काढून घेण्यात आला. म्हणजे मजुरांनी स्थायिक व्हावे अशी सोय एका हाताने केली, तर दुसऱ्या हाताने त्यांचा परतीचा मार्ग अवघड करून ठेवला.

कराराची कलमे कडक होती. महिना पाच रुपये मजुरी आणि त्याबरोबर ठराविक शिधा. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांवर छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगण्याची सक्ती झाली. परवाना नसलेला माणूस भटक्या ठरून तुरुंगात जाई. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्याने मजुरांच्या बाजूने अर्ज तयार केला व त्यावर नऊ हजारांहून अधिक मजुरांनी सह्या-अंगठे केले. त्यातून नेमलेल्या शाही आयोगाने १८७५ मध्ये दिलेल्या अहवालात मजुरांच्या पुष्कळशा तक्रारी खऱ्या ठरल्या.

महाराष्ट्रातून गेलेली माणसे

मजुरांची मोठी संख्या कलकत्ता बंदरातून, म्हणजे मुख्यत्वे बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातून गेली. त्याखालोखाल मद्रासचा क्रम लागतो. मुंबई बंदराचा वाटा एकंदर संख्येच्या एक-दशांशाहून कमी होता. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्हा, सावंतवाडी, सातारा व कोल्हापूर या भागांतील लोक होते. कोकणातील तुटपुंजी शेती, कर्जबाजारीपणा आणि मुंबईपर्यंत चालत वा तरीने जाण्याची जुनी सवय या गोष्टी त्यामागे होत्या. गिरणगाव उभे राहण्यापूर्वी पोट भरण्यासाठी घाट उतरणाऱ्या वा खाडी ओलांडणाऱ्या माणसाला मुंबईच्या बंदरात मॉरिशसच्या मळ्यांसाठी भरती करणारे मुकादम भेटत.

आज मराठी मूळ सांगणाऱ्यांचे प्रमाण बेटाच्या लोकसंख्येत शेकडा दोनच्या आत आहे. वाकोआ, ब्लॅक रिव्हर, कास्काव्हेल या दक्षिण-पश्चिम भागात त्यांची वस्ती विशेष आढळते. घरात बहुतेक जण क्रियोल बोलतात. परंतु गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे अध्यापन चालते. संख्या लहान असूनही भाषा, सण आणि देवळे यांच्या आधाराने एखादा समाज सहा-सात पिढ्या स्वतःची ओळख कशी सांभाळतो, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

सत्तर वर्षांचा ठप्प काळ

१८६१ ते १९३१ या सत्तर वर्षांत मॉरिशसची लोकसंख्या ३ लाख १० हजारांवरून केवळ ३ लाख ९३ हजारांपर्यंत पोहोचली. त्यातही १९०१ ते १९२१ या दोन दशकांत ती ३ लाख ७० हजारांच्या आगेमागे खिळून राहिली. याची कारणे दोन होती : रोगराई आणि साखरेच्या भावातील घसरण.

१८५४ मध्ये पटकीची मोठी साथ येऊन गेली होती. परंतु सर्वांत भीषण आघात हिवतापाचा झाला. हा रोग पूर्वी बेटावर नव्हता. १८६६ मध्ये त्याची साथ सुरू झाली आणि एकट्या १८६७ मध्ये तीस हजारांवर माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी, मृत्युमुखी पडली. जंगलतोड, पाणी तुंबलेल्या सखल जमिनी, दाट व अस्वच्छ छावण्या या सर्व गोष्टी डासांच्या पथ्यावर पडल्या. ऐपतदार लोकांनी पोर्ट लुई सोडून उंचावरील थंड हवेच्या क्यूरपीप व प्लेन विलेम्स भागात वस्ती केली. १८६४ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने या अंतर्गत स्थलांतरास मदत केली. बेटाच्या मध्यभागी आज दिसणारी शहरांची सलग रांग ही हिवतापाची देणगी आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. हिवतापाचा प्रसार डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस १९०७ मध्ये सरकारच्या निमंत्रणावरून मॉरिशसला गेले व त्यांनी प्रतिबंधाची योजना सुचवली. मात्र पैशाअभावी ती अर्धवटच अमलात आली.

दुसरीकडे, युरोपातील बीट साखरेच्या स्पर्धेने साखरेचे भाव कोसळले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाल्याने पोर्ट लुई हे जागतिक जलमार्गावरून बाजूला पडले. १८९२ च्या एप्रिलमधील वादळाने हजारावर बळी घेतले. अडचणीत आलेल्या मळेवाल्यांनी हलक्या प्रतीच्या जमिनीचे तुकडे पाडून ते विकण्यास प्रारंभ केला. ते घेतले कोणी? पै-पै साठवलेल्या जुन्या गिरमिट्यांनी आणि मळ्यांवरील ‘सरदारां’नी, म्हणजे मुकादमांनी. १९२० च्या सुमारास उसाखालील जमिनीचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग भारतीय वंशाच्या लहान-मोठ्या बागाइतदारांकडे आला होता. साखर कारखाने मात्र मोठ्या मळेवाल्यांकडेच राहिले. जमिनीच्या या हस्तांतराचे महत्त्व फार मोठे आहे. त्यातून जी मुले शाळेत गेली, त्यांच्यातूनच पुढे शिक्षक, वकील, डॉक्टर व राजकीय नेते निघाले. मुक्त गुलामांच्या वंशजांना अशी संधी क्वचितच लाभली. दोन समाजांच्या आर्थिक वाटचालीत पुढे जे अंतर पडले, त्याचे एक मूळ येथे सापडते.

राजकीय जागृतीही याच पायावर झाली. १९०१ मध्ये महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतताना मॉरिशसला थांबले होते. त्यांच्या सूचनेवरून १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तेथे गेले व त्यांनी मजुरांचे खटले चालवले. १९३६ मध्ये मजूर पक्ष स्थापन झाला. १९३७ व १९४३ मध्ये मळ्यांवर गोळीबार होऊन मजूर ठार झाले. १९४८ च्या घटनेने बेटावर प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत साध्या मजकुराचे वाचन-लेखन करता येणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषास मताधिकार दिला. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली. गावोगावच्या ‘बैठकां’तून सही करायला शिकवणाऱ्या प्रा. वासुदेव विष्णुदयाळ यांच्या जनआंदोलनाचा यात मोठा हात होता.

मृत्युप्रमाणातील घट आणि नवे संकट

दुसऱ्या महायुद्धानंतर मॉरिशसमध्ये जे घडले, त्याने साऱ्या जगातील लोकसंख्याशास्त्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले. १९४९ पासून डीडीटीची पद्धतशीर फवारणी करण्यात आली आणि दोन-तीन वर्षांत हिवताप जवळजवळ हटला. १९४०–५० च्या दशकाच्या मध्यास सरासरी आयुर्मान सुमारे ३३ वर्षे होते, ते १९५०–६० च्या दशकाच्या प्रारंभी सुमारे ५१ वर्षांवर गेले. पश्चिम युरोपाला ज्यासाठी अनेक पिढ्या लागल्या, ते येथे एका दशकाच्या आत साधले. जन्मप्रमाण मात्र पूर्वीइतकेच उंच राहिले. परिणामी १९४४ मध्ये ४ लाख १९ हजार असलेली लोकसंख्या १९५२ मध्ये पाच लाखांवर व १९६२ मध्ये ६ लाख ८२ हजारांवर गेली. १९५२ ते १९६२ या काळात वाढीचा वार्षिक वेग शेकडा तीनपेक्षा अधिक होता.

शेतीखालील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन उसाखाली, निर्यातीच्या उत्पन्नातही साखरेचा वाटा तितकाच, आणि तांदूळ-गहू सारे परदेशातून येणारे. अशा स्थितीत १९६० मध्ये ‘अ‍ॅलिक्स’ व ‘कॅरोल’ ही दोन वादळे पाठोपाठ आली. निम्म्याहून अधिक ऊस झोपला व हजारो घरे जमीनदोस्त झाली. याच सुमारास दोन अभ्यासगटांनी बेटाची पाहणी केली. प्रा. रिचर्ड टिटमस यांच्या गटाने आरोग्य, सामाजिक साहाय्य व कुटुंबनियोजन यांचा विचार केला, तर प्रा. जेम्स मीड यांच्या गटाने आर्थिक रचनेचा. लोकसंख्येच्या दाबाखाली बेटाचे भवितव्य अंधकारमय आहे, असा मीड यांचा एकंदर निष्कर्ष होता. पुढे १९७७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या विद्वानाने मॉरिशसला माल्थसच्या सिद्धान्ताचे उदाहरण मानले होते.

ते भाकीत खरे ठरले नाही. पण ते निष्फळ गेले असेही म्हणता येत नाही. धोक्याचा इशारा मिळाल्यानेच राज्यकर्ते व समाज सावध झाले.

लहान कुटुंबाकडे

कुटुंबनियोजन संघटना १९५७ मध्येच स्थापन झाली होती. रोमन कॅथलिक धर्मपीठाचा कृत्रिम साधनांस विरोध होता. तेव्हा १९६३ मध्ये नैसर्गिक पद्धतीचा प्रसार करणारी ‘आक्स्यों फामिलियाल’ ही दुसरी संस्था निघाली. सरकारने वाद न वाढवता दोन्ही संस्थांना अनुदान दिले. ज्याला जी पद्धत मान्य, त्याला ती उपलब्ध, असे हे धोरण होते. सक्ती कोठेही झाली नाही.

एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या १९६०–७० च्या दशकाच्या प्रारंभी सहाच्या आसपास होती. ती दहा वर्षांत साडेतीनपर्यंत खाली आली. ही घट औद्योगिकीकरणाच्या आधीची आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. केवळ साधनांच्या वाटपाने ती झाली नाही. मुलींचे शिक्षण वाढले, लग्नाचे वय पुढे गेले आणि जन्मलेले मूल जगेल याची आईबापांना खात्री वाटू लागली. १९५८ पासून सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागल्याने ‘म्हातारपणाची काठी’ म्हणून अनेक मुलगे हवेत, ही निकडही कमी झाली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि या प्रक्रियेस आणखी बळ मिळाले.

उसाच्या शेतातून कारखान्यात

१२ मार्च १९६८ रोजी सर शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली मॉरिशस स्वतंत्र झाले. स्वातंत्र्याचे स्वागत सर्वांनी केले नव्हते. १९६७ च्या निवडणुकीत शेकडा ४४ मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली होती व १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगली उसळल्या होत्या. बेकारी मोठी होती. अनेकांनी इंग्लंड, फ्रान्स व ऑस्ट्रेलियाची वाट धरली.

१९७० मध्ये निर्यात प्रक्रिया विभागाचा कायदा झाला. त्यातील विशेष असा की, कारखान्यांना एखाद्या कुंपणाच्या आत कोंडले नाही. बेटावर कोठेही कारखाना काढावा, कच्चा माल जकातीशिवाय आणावा आणि माल निर्यात करावा, अशी मुभा होती. त्यामुळे कारखाने माणसांच्या वस्तीजवळ गेले. हाँगकाँगच्या व्यावसायिकांबरोबरच स्थानिक साखर कंपन्यांनीही आपला नफा यात गुंतवला. १९७५ च्या लोमे करारान्वये युरोपने सुमारे पाच लाख टन साखर हमीभावाने घेण्याचे मान्य केल्याने हा नफा खात्रीचा झाला होता. त्यावरील निर्यात करातून सरकारने शिक्षण, आरोग्य व अन्नावरील अर्थसाहाय्याचा खर्च भागवला.

प्रगती सरळ रेषेत झाली नाही. साखरेचे भाव घसरले, खनिज तेल महागले, १९७९ व १९८१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. १९८०–९० च्या दशकाच्या प्रारंभी कामकरी लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा बेकार होता. परंतु त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत निर्यात कारखान्यांतील रोजगार जवळपास चौपट होऊन ९० हजारांच्या घरात गेला आणि दशकाअखेर बेकारी जवळजवळ नाहीशी झाली. त्यापुढे पर्यटन, वित्तीय सेवा व माहिती तंत्रज्ञान यांची भर पडली. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला वीस हजारांच्या आत असलेले पर्यटक २०१८ मध्ये सुमारे १४ लाख झाले. २०२० मध्ये जागतिक बँकेने मॉरिशसची गणना उच्च उत्पन्नाच्या देशांत केली. कोविडच्या साथीमुळे पर्यटन बसले आणि पुढच्याच वर्षी हे स्थान गेले. लहान व परावलंबी अर्थव्यवस्थेची नाजूक बाजू त्यातून दिसून आली.

विकासाची किंमत कोणी मोजली ?

यशाच्या या हिशेबात खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. कापड व लोकरीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत बहुसंख्य कामगार तरुण स्त्रिया होत्या. त्यांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठरवले होते व जादा वेळ काम करणे सक्तीचे होते. या वेतनाने स्त्रीला घरात व समाजात नवा अधिकार दिला, हे खरे. परंतु त्या कमी वेतनावरच निर्यातीची स्पर्धाशक्ती उभी होती, हेही तितकेच खरे. २००५ च्या प्रारंभी कापड व्यापारावरील जागतिक कोटा पद्धत संपली. २००६ पासून युरोपने साखरेच्या हमीभावात टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कपात केली. परिणामी हजारो कामगारांना घरी बसावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेवर असलेले साखर कारखाने आज तीनच उरले आहेत.

चागोस बेटांची कथा अधिक करुण आहे. १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ ते १९७३ या काळात तेथील दीड-दोन हजार रहिवाशांना लष्करी तळासाठी हलवून मॉरिशस व सेशेल्समध्ये आणून सोडले. खोबऱ्याच्या मळ्यांवर वाढलेली ही माणसे पोर्ट लुईच्या झोपड्यांत दारिद्र्यात पडली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हे विभाजन बेकायदेशीर असल्याचे मत दिले. बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्यासंबंधीच्या करारावर मे २०२५ मध्ये सह्या झाल्या.

क्रियोल समाजातील दारिद्र्याचा प्रश्न १९९९ च्या दंगलींनी पुन्हा पुढे आणला. त्यानंतर नेमलेल्या सत्य व न्याय आयोगाने २०११ मध्ये गुलामगिरी व गिरमिट यांच्या परिणामांवर अहवाल सादर केला. भारतीय मजूर जेथे उतरले तो आप्रवासी घाट २००६ मध्ये, तर पळालेल्या गुलामांचा आसरा असलेला ले मोर्न पर्वत २००८ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरला. स्मृतींना मान मिळाला, परंतु जमिनीचा व संधीचा प्रश्न स्मारकांनी सुटत नाही, याची जाणीव तेथील विचारवंतांना आहे.

चक्र पुन्हा फिरते

२०२२ च्या जनगणनेत मॉरिशस प्रजासत्ताकाची लोकसंख्या सुमारे १२ लाख ३५ हजार भरली. एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण दीडच्याही खाली उतरले आहे. पाचामागे जवळपास एक व्यक्ती साठीपुढची आहे. साठ वर्षांपूर्वी ज्या बेटाला ‘इतक्या माणसांना काम कोठून द्यावे’ हा प्रश्न पडला होता, त्याच्यासमोर आज ‘काम करणारी माणसे कोठून आणावीत’ हा प्रश्न उभा आहे. कापड कारखान्यांत व बांधकामांवर बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्कर येथील कामगार मुदतीच्या करारावर येत आहेत. निवृत्तिवेतनाचा भार पेलण्यासाठी पात्रतेचे वय ६० वरून क्रमाक्रमाने ६५ पर्यंत नेण्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आणि त्यावर मोठा वाद उद्भवला.

ज्या समाजाचे पूर्वज पाच वर्षांच्या करारावर आले, त्याच समाजाच्या कारखान्यांत आज दुसऱ्या देशांचे मजूर करारावर राबत आहेत. त्यांची राहण्याची जागा, त्यांची मजुरी, त्यांचे पारपत्र कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नांची उत्तरे मॉरिशस कशी देते, यावर आपल्याच इतिहासापासून त्याने काय घेतले हे ठरेल.

या साऱ्या अभ्यासातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, लोकसंख्या हे संकट की सामर्थ्य, हे केवळ संख्येवर अवलंबून नसते. त्या माणसांच्या हाती जमीन, विद्या व मताधिकार आहे की नाही, यावर ते ठरते. १९६० मध्ये ओझे वाटलेली पिढीच १९८० नंतर बेटाच्या समृद्धीचे साधन बनली. दुसरा निष्कर्ष असा की, आरोग्य, शिक्षण व सामाजिक सुरक्षा यांवरील खर्च उद्योगांच्या आधी झाला. संपत्ती आल्यावर तो करू, असे म्हणून तो लांबणीवर टाकला गेला नाही. तिसरा निष्कर्ष असा की, सुरुवातीस ज्यांना काहीच मिळाले नाही, ते एकंदर विकास होऊनही मागेच राहतात. मुक्त गुलामांना १८३५ मध्ये नाकारलेली भरपाई दीड शतकानंतरही त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात जाणवते.

लोकसंख्येच्या कोष्टकांतील प्रत्येक आकड्यामागे जहाजाच्या तळघरात किंवा उसाच्या फडात गेलेले एखादे आयुष्य असते. ते आकडे वाचताना ही जाणीव जागी राहिली, तर विकासाच्या योजना आखणारा हात अधिक विवेकाने चालेल, यात शंका नाही.